भाऊ दवाखान्यातून घरी आला. आता 'लक्ष ठेवा' म्हणजे नेमकं काय?

ताई, तुमचा प्रश्न परवा रात्री वाचला. स्किझोफ्रेनियाचं निदान झालेला तुमचा २४ वर्षांचा भाऊ महिन्यापूर्वी घरी आला. आवाज ऐकू येणं थांबलंय, पण दिवसभर पडून असतो. बाबा आळशी म्हणून टोचतात, आई वरणात गोळी कालवून देते. आणि सुट्टी देताना सिस्टरनी एवढंच सांगितलं, "गोळ्या वेळेवर द्या, लक्ष ठेवा."

मी नागपुरात २१ वर्षं मानसोपचार वॉर्डात नर्स आहे. असाच सल्ला मीही दिलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आईला मुलाची सुट्टी होताना पाच मिनिटांत सगळं सांगितलं. हातात पिशव्या, बाहेर ऑटो थांबलेला. "समजलं ना मावशी?" विचारलं, "हो सिस्टर" म्हणाल्या. दोन महिन्यांनी मुलगा पुन्हा वॉर्डात. बरा दिसतोय म्हणून घरच्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. चूक त्यांची नव्हती. बरं वाटणं गोळ्यांमुळेच आहे, हे मी सांगितलंच नव्हतं. तेव्हापासून मी "समजलं ना" विचारत नाही. "रात्रीची गोळी कोण देणार? एखाद्या दिवशी राहिली तर काय कराल? तुम्हीच मला सांगा," असं विचारते, आणि तेही सुट्टीच्या दिवशी नाही, त्याआधी दोन-तीन दिवस रोज थोडं थोडं.

आता बाबांचं. या आजारात काही गोष्टींची भर पडते, जसे आवाज, संशय. काही गोष्टी वजा होतात: इच्छा, उत्साह, बोलणं, चेहऱ्यावरचे भाव. भर पडलेलं गोळ्यांनी लवकर ओसरतं, वजा झालेलं फार सावकाश परत येतं, कधी पूर्ण येत नाही. तुमचा भाऊ त्या दुसऱ्या भागात आहे. (काही सुस्ती गोळीचीही असू शकते, ते डॉक्टरांच्या कानावर घाला.) बाबांना दिसतो तो आळस, पण तो आजारच आहे.

आणि टोचण्याचा परिणाम मोजला गेलाय. १९५० च्या दशकात लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राऊन यांच्या लक्षात आलं की सुट्टीनंतर आईवडिलांकडे किंवा बायकोकडे गेलेले रुग्ण भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा पुन्हा आजारी पडतात. पुढच्या अभ्यासांत कारण दिसलं: घरातली सततची टीका, राग आणि जीव गुदमरेल इतकी काळजी. १९७६ मध्ये वॉन आणि लेफ या संशोधकांनी दाखवलं की अशा घरात आठवड्याला ३५ तासांपेक्षा जास्त समोरासमोर असणाऱ्यांना धोका अधिक. यातून 'घरच्यांनी आजार दिला' असा अर्थ काढू नका, तो चुकीचा आहे. चंदीगडला हेच मोजलं तेव्हा आपल्याकडे अशी घरं लंडनपेक्षा कमी निघाली. त्याच्याही आधी, १९५० च्या दशकात, अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णासोबत दवाखान्याच्या आवारात तंबूत राहायला लावलं होतं. आजार काय आहे हे पाहून, शिकून ती माणसं घरी जायची.

मग घरी काय बदलायचं? "बारा वाजले, अजून लोळतोय, कायच्याच कामाचा नाही हा पोट्टा," हे थांबवायचं. त्याऐवजी "दहाला चहा ठेवतो, माझ्यासोबत प्यायला ये." काम एकच द्या आणि रोज तेच द्या. कूलरमध्ये पाणी भरणं हे मला फार आवडतं काम आहे: सुरुवात-शेवट ठरलेला, घराला खरोखर लागणारं, कोणाशी बोलावं न लागणारं. भरलं तर "बरं झालं, भरलंस" एवढंच म्हणा. नाही भरलं तर भाषण नको. बाबा निवृत्त असतील आणि दिवसभर त्याच खोलीत बसत असतील, तर त्यांना सकाळ-संध्याकाळ अंबाझरी तलावावर फिरायला पाठवा. दोघांनाही मोकळा श्वास मिळेल.

आईचं वरण मला जास्त काळजीचं वाटतं. जेवणात काहीतरी घालतात हा संशय या आजारात नेहमीचा, आणि इथे तो खरा ठरेल. एकदा कळलं की गोळीही जाईल आणि जेवणही. शिवाय पूर्ण डोस पोटात जातो की नाही हे कोणालाच ठाऊक नसतं, काही गोळ्या तर कुस्करायच्याच नसतात. पण उद्यापासून एकदम बंद करू नका, नाहीतर औषधच तुटेल. या आठवड्यात डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा. भावाला गोळी का नको, तेही विचारा: वजन वाढतं, अंग ताठरतं, लाळ गळते, लैंगिक त्रास होतो, लाजेने मुलं सांगत नाहीत. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपाय आहेत. रोजच्या गोळीऐवजी महिन्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन त्याला चालेल का, हा प्रश्नही त्याच्यासमोरच विचारा.

'लक्ष ठेवा'चा अर्थ पाळत ठेवणं नाही. मागच्या वेळी दवाखान्यात न्यायच्या आधीचे पंधरा दिवस आठवा. झोप कमी झाली होती? खिडक्या लावून घेत होता? पुटपुटत होता? त्याची स्वतःची तीन-चार चिन्हं त्याच्याचसोबत बसून लिहा. त्यातली दोन दिसली की पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

आपल्याकडचा उन्हाळा वेगळा सांभाळा. या औषधांनी शरीराची उष्णता आवरायची ताकद कमी होते. पारा ४५ ला असताना त्याला दुपारी बाहेर पाठवू नका, पाणी मागेल याची वाट पाहू नका, हातात द्या. जोराचा ताप, अंग लाकडासारखं ताठ, बोलण्यात गोंधळ असं झालं तर तडक मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी दवाखान्यांच्या कॅज्युअल्टीत. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर एकटं सोडू नका, धोका समोर दिसत असेल तर तसंच कॅज्युअल्टीत न्या. रात्री-अपरात्री बोलायला टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं.

पुढच्या तारखेला बाबांना सोबत न्या, हे मात्र नक्की करा. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे आजार, उपचार आणि औषधांचे दुष्परिणाम समजून घेणं हा रुग्णाचा आणि त्याने नेमलेल्या प्रतिनिधीचा हक्क आहे. सिस्टरकडे वीस मिनिटं मागा. तो आळशी का नाही, हे बाबांना तुमच्या तोंडून ऐकण्यापेक्षा तिच्या तोंडून ऐकू द्या. आणि इंजेक्शनचं काय ठरलं ते इथे कळवा, पुढचं तेव्हा बोलू.