थोडा गांजा जवळ सापडणं गुन्हा राहिला नाही, तर मोठ्या शहरात काय फरक पडतो?

फरक पडतो. सगळ्यात जास्त पडतो तो पकडल्या जाणाऱ्या पोरांच्या आयुष्यात. तुम्ही अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहराचं उदाहरण देऊन विचारलंय की नागपूर-पुण्यात असं केलं तर काय होईल, म्हणून आधी तिथलं सांगते.

ऑक्टोबर २०१४ पासून फिलाडेल्फियात ३० ग्रॅमपर्यंत गांजा सापडला तर अटक करायची नाही, २५ डॉलरचा दंड घ्यायचा, असा नियम झाला. उघड्यावर ओढताना सापडला तर १०० डॉलर. त्याआधी वर्षाला ४ हजारांच्या आसपास लोक एवढ्यासाठी आत जायचे, त्यातले बहुतेक काळे. नियम आल्यावर अटका धाडकन खाली आल्या. न्यूयॉर्कमध्ये मात्र वेगळंच झालं. तिथं १९७७ सालीच राज्यानं २५ ग्रॅमपर्यंतचा गांजा दंडावर आणला होता, फक्त चारचौघांत दिसला तर गुन्हा कायम ठेवला. मग पोलीस पोरांना रस्त्यात अडवायचे, खिसे उलटे करायला लावायचे, आणि पुडी बाहेर आली की ती चारचौघांत दिसली म्हणून अटक. २०११ मध्ये त्या एका शहरात सुमारे ५० हजार अटका झाल्या. २०१४ च्या अखेरीस अटकेऐवजी समन्स द्यायचं ठरलं, तेव्हा कुठं आकडा उतरला. म्हणून कागदावर काय लिहिलंय याच्याइतकंच, अडवणाऱ्या शिपायाच्या हातात काय सोडलंय तेही बघा.

हे मी एवढ्या पोटतिडकीनं लिहितेय कारण माझा भाचा अशाच एका पुडीपायी घरी बसला.

आम्ही वर्धा जिल्ह्यातले, आर्वी तालुक्यातले. पोरगा नागपूरला खोली करून पोलीस भरतीची तयारी करत होता. गांजा रोज ओढायचा, हे मी लपवत नाही. १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत त्याचा दम उखडायला लागला होता आणि कारण त्यालाही ठाऊक होतं. एका टपरीमागे पकडला. पन्नीतला माल तोळ्या-दोन तोळ्यांचा, वजन केलं तेही पन्नीसकट. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं म्हटलंय की एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थांच्या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र, त्यामुळे ठाण्यातून सोडणं नाही. एमसीआर झाला, म्हणजे न्यायालयीन कोठडी.

दादाला, म्हणजे पोराच्या बापाला, फोन केला तर म्हणाला, "राहू दे त्याले तिथंच. चार दिवस आत राहीन तं डोकं ठिकाणावर येईन." तो आला नाही. मी गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात पोरगा भिंतीला टेकून उभा, एका पायातल्या चपलेचा पट्टा तुटलेला, म्हणून ती हातात धरलेली. मला पाहून पहिलं काय विचारलं तर, "आत्या, गावात समजलं काय?" तूर विकून वकिलाचे पैसे भरले. पुढं तारखा सुरू झाल्या. वकील म्हणाले, लहान केस आहे, कबूल करून टाका, दंड भरा अन् मोकळे व्हा. मी नको म्हणत होते. दादानं फोनवरून फर्मान काढलं की मिटवून टाका, गावात चर्चा नको. पोरानं बापाचं ऐकलं.

कबुली म्हणजे दोष सिद्ध. दंड भरून विषय संपला असं सगळ्यांना वाटलं. भरतीत मैदान निघालं, लेखी निघाली, आणि चारित्र्य पडताळणीत नाव उडालं.

याच कायद्यात ६४-अ कलम आहे. व्यसनी माणसाजवळ थोडाच माल सापडला असेल आणि तो स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी व्यसनमुक्तीचा उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडला तर ही सवलत काढून घेता येते. भाच्याला नेमकी याचीच गरज होती. ना ठाण्यात कोणी सांगितलं, ना वकिलानं.

दादा अजूनही म्हणतो, धाक पाहिजे. आमच्या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, तिथं दुकान उघडं. दादा स्वतः तिकडून डिक्कीत बाटली घालून आणतो आणि त्याची गाडी कोणी अडवत नाही, कारण ठाणेदार त्याला ओळखतो. मोहाच्या दारूची कॅन सायकलला अडकवलेला माणूस मात्र दर महिन्याला आत. धाक कोणाला आहे, हे मला दादाकडून ऐकायचं आहे. पुडीवाल्या पोराला गुन्हेगार म्हणायचं असेल तर डिक्कीही उघडून दाखवावी.

आता नागपूर-पुण्याचं. फिलाडेल्फियाच्या नगर परिषदेनं ठराव केला तसा आपल्या महापालिकेला करता येणार नाही. १९८५ चा हा एनडीपीएस कायदा केंद्राचा आहे, बदल दिल्लीतूनच व्हावा लागेल. आणि नुसतं 'थोडा गांजा माफ' म्हणून भागणार नाही, कारण आपल्या कायद्यात गांजाची 'अल्प मात्रा' १ किलोपर्यंत आहे. तिकडे ३० ग्रॅम, इकडे किलो! किलोभर माल जवळ बाळगणारा ओढणारा नसतो, विकणारा असतो. माझं मत विचाराल तर ३० ग्रॅमच्या आत दंड आणि समुपदेशन, वर केस. इंग्रजांच्या काळी खंडव्याकडे परवान्यानं गांजा पिकायचा आणि ठेक्यावर विकला जायचा, आजही शिवरात्रीला भांग घोटतात, ती नुसत्या पानांची असेल तर या कायद्यात गांजा ठरत नाही. तेव्हा समाज बुडेल वगैरे मला कोणी सांगू नये.

गांजा निरुपद्रवी आहे असं मात्र मी म्हणत नाही. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्याला भास-भ्रमाचा आजार व्हायचा धोका वाढतो, आमच्या शेजारच्या गावात असा एक पोरगा घरच्यांनी खोलीत कोंडलेला मी पाहिलाय. न्यूयॉर्कमध्येही रस्त्यावर वास येतो म्हणून लोक कुरकुरतातच. आणि दारूबंदीनं आमच्याकडच्या कितीतरी बायांचा मार वाचला, तेही खरं आहे, म्हणून बंदी सरसकट उठवा असं माझं म्हणणं नाही.

तुमच्या ओळखीतलं कोणी अडकलं असेल तर कबुलीवर सही करण्याआधी वकिलाला ६४-अ बद्दल तोंडावर विचारा. तो टाळाटाळ करत असेल तर वकील बदला. आणि घरच्यांना इज्जतीची घाई झाली असेल तर त्यांना कोर्टाबाहेर बसवा.