ब्रेकचं काम बाकी असलेली गाडी शेठने काढायला लावली तर

भावा, नवीन आहेस म्हणून सांगतो, शेठ म्हणेल एवढी खेप मार, आल्यावर काम करू. मी पण ऐकलं होतं एकदा, नाशिकहून कांदा भरून निघालो आणि कसारा घाट उतरताना ब्रेकच्या हवेचा दाब दाखवणारा काटा खाली खाली येत गेला, कशीबशी फर्स्ट गिअरवर गाडी उतरवली, पाय थरथरत होते नुसते.

मोटार वाहन कायद्याचं कलम १९० लक्षात ठेव. खराबी माहीत असताना गाडी चालवणारा पण दोषी आणि चालवायला लावणारा पण. दंड १५०० पर्यंत, पण त्या खराबीमुळे अपघात होऊन कोणाला लागलं तर ३ महिन्यांपर्यंत जेल होऊ शकते, आणि पोलीस आधी धरणार तुलाच, शेठ ऑफिसात बसलेला असतो. म्हणून तोंडी भांडू नकोस, गुळगुळीत टायरचा, काट्याचा फोटो काढ आणि शेठला व्हॉट्सॲपवर टाक, "ब्रेकला हवा धरत नाही, काम झाल्याशिवाय गाडी काढत नाही." मेसेज डिलीट करू नको. फिटनेसचा कागद आहे असं सांगतील, पण तो पासिंगच्या, म्हणजे आरटीओ तपासणीच्या दिवसाचा असतो रे, आजच्या ब्रेकचा नाही. आणि त्यासाठी पगार कापला तर लेबर ऑफिसात अर्ज दे, तिथे हाच मेसेज लागतो.