गाडी घेण्याइतके पैसे जवळ आहेत, तर एकरकमी द्यावेत की कर्ज काढावं?

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: तुम्ही पलूसला शिक्षक आहात, घरची शेतीही आहे. सगळे मिळून ९ लाख जमलेत, त्यातले साडेपाच एफडीत आणि बाकी बचत खात्यात. गाडी ऑन-रोड साडेआठ लाखांची. वडील म्हणतात, कर्जाची गाडी दारात नको. सांगलीच्या शोरूममधला माणूस म्हणतो, एफडी मोडू नका, ५ लाखांचं कर्ज काढा, उलट तुम्हीच फायद्यात राहाल. आणि शेवटी विचारलंय, कर्ज घेतलंच नाही तर सिबिलचं, म्हणजे बँका बघतात त्या पतीच्या स्कोअरचं, काय.

मी बरीच वर्षं सांगलीत एका सहकारी बँकेच्या कर्ज विभागात काढली. शोरूमवाल्याचा हा हिशेब मला पाठ आहे, कारण तो घेऊनच लोक आमच्या टेबलावर यायचे. कोटेशनच्या मागच्या बाजूला पेनाने दोन आकडे लिहिलेले असतात आणि दुसऱ्या आकड्याखाली दोन रेघा. पहिला आकडा: ५ लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं, हप्ता १०,३७९, एकूण व्याज सुमारे १ लाख २३ हजार. दुसरा: तेच ५ लाख ७ टक्क्यांनी पाच वर्षं एफडीत ठेवले तर व्याज २ लाख ७ हजार. म्हणजे "सर, कर्ज काढून तुम्हाला ८४ हजार सुटतात."

दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण ९ टक्क्यांनी उचलायचं, ७ टक्क्यांनी ठेवायचं आणि वर नफा, हे कुठल्याही पेढीवर होत नाही. मग इथे कसं झालं?

झालं असं की हप्ता कुणाच्या खिशातून जातो हे त्या कागदावर लिहिलेलंच नाही. एफडीला हात लागत नाही, म्हणजे महिन्याला १०,३७९ रुपये तुमच्या पगारातून जाणार. पाच वर्षांत ते सव्वासहा लाख होतात. कर्जाची मुद्दल दर महिन्याला घटते, म्हणून त्याचं व्याज रुपयांत कमी दिसतं. एफडी मात्र पुरी पाच लाखांवर वाढत राहते, म्हणून तिचं जास्त दिसतं. खरी तुलना करायची तर अशी करा. ५ लाख आजच गाडीत घातले, कर्ज नाही, आणि जो हप्ता बँकेला देणार होतात तोच पगार झाल्या झाल्या ७ टक्क्यांच्या आरडीत, म्हणजे दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत, टाकला. पाच वर्षांनी आरडीचे ७ लाख ४५ हजारांच्या आसपास होतात. एफडीचे होणार होते ७ लाख ७ हजार. ज्यात ८४ हजार सुटणार होते, तो व्यवहार असा ३८ हजारांच्या आसपास अंगावर येतो. एफडीच्या व्याजावर आयकर लागतो आणि पगारदाराला घरच्या गाडीच्या कर्जव्याजाची वजावट मिळत नाही, ते आणखी वेगळं.

अर्थात ती आरडी खरोखर भरली पाहिजे. ज्याच्या हातात पैसा टिकत नाही, त्याच्यासाठी बँकेचा हप्ता म्हणजे सक्तीची बचत, हे शोरूमवाल्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण नऊ लाख जमवलेल्या माणसाला ते लागू होत नसावं.

दुसरी गंमत फ्लॅट दराची. काही फायनान्सवाले "फक्त ७ टक्के" म्हणतात, तेव्हा "फ्लॅट की रिड्युसिंग?", म्हणजे व्याज मूळ रकमेवर की घटत्या शिल्लकीवर, एवढं विचाराच. ७ टक्के फ्लॅट म्हणजे ५ लाखांवर वर्षाला ३५ हजार, पाच वर्षांचे १ लाख ७५ हजार, मुद्दल कितीही फिटलेली असो. हप्ता येतो ११,२५०. हा हप्ता घटत्या शिल्लकीच्या हिशेबाने साडेबारा टक्क्यांच्या कर्जाचा आहे. सातच्या पाटीखाली साडेबाराचा माल.

आता वडिलांच्या बाजूकडे येतो. हिशेबात ते बरोबर आहेत, पण साडेआठ लाख दिल्यावर तुमच्याकडे उरतात पन्नास हजार. इथे मी त्यांच्याशी सहमत नाही. उद्या घरातल्या कुणाला मिरजेला ॲडमिट करावं लागलं, तर कॅशलेस विमा असला तरी सुरुवातीची अनामत आणि वरखर्च तुम्हालाच उभा करावा लागतो. २०१९ च्या महापुरात सांगलीत चांगले पगारदार लोक उसनवारीवर आलेले मी बघितलेत. पैसा होता, पण अडकलेला होता. अशा वेळी पर्सनल लोन वाहनकर्जापेक्षा बरंच महाग पडतं, आणि घाईत माणूस सावकाराकडे गेला तर शेकडा तीन टक्के महिन्याला, म्हणजे वर्षाचे छत्तीस. दारात बिनकर्जाची गाडी आणि डोक्यावर छत्तीस टक्क्यांचं देणं, अशा फायली मी पाहिल्या आहेत.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर ६ लाख स्वतःचे घालून अडीच लाखांचं कर्ज तीन वर्षांसाठी काढलं असतं. ९ टक्क्यांनी हप्ता ७,९५० च्या आसपास बसतो आणि तीन वर्षांचं व्याज सुमारे ३६ हजार. त्या बदल्यात ३ लाख हाताशी राहतात. पाच किंवा सात वर्षांची मुदत घेऊ नका. हप्ता लहान दिसतो, व्याज मात्र फुगतं.

त्याहून सोपा रस्ता म्हणजे एफडी तारण कर्ज. एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त व्याज, एफडी मोडल्याचा दंड नाही, बहुतेक बँकांत जामीनदार नाही, आणि मुख्य म्हणजे गाडीच्या आरसीवर बँकेचा बोजा चढत नाही. ओव्हरड्राफ्ट पद्धतीने घेतलं तर जेवढी उचल तेवढ्यावरच व्याज, आणि पगारफरकाचं बिल किंवा द्राक्षाचे पैसे आले की एकदम भरून टाकता येतात. साध्या वाहनकर्जात ही मोकळीक नसते. दर फिक्स्ड असेल तर मुदतीआधी फेडल्याचा चार्ज बहुधा लागतो, म्हणून मंजुरीपत्रातलं ते कलम सही करण्यापूर्वी वाचा. शोरूमवाला एफडी तारण कर्जाचं नावही काढणार नाही, कारण त्यात त्याला काही मिळत नाही. कर्ज जुळवून दिल्याबद्दल फायनान्स कंपनीकडून शोरूमला कमिशन मिळतं. "सगळे पैसे रोख देतो, किती सोडता?" असं विचारल्यावर त्याचा चेहरा का पडतो, हे त्यावरून कळेल. म्हणून आधी गाडीची किंमत, ॲक्सेसरीज, विमा, हँडलिंगच्या नावाखाली काही लावलं असेल तर ते, हे सगळं लेखी ठरवून घ्या आणि पैसे कसे देणार ते त्यानंतर सांगा. शून्य टक्के व्याजाची योजना पुढे केली तर "तीच सवलत किमतीत द्या" म्हणून बघा.

रोख देणार म्हणजे नोटा नेऊ नका, हे तुम्हाला सांगायची गरज नसेल, पण तासगाव-पलूसकडे बेदाण्याचे आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे पैसे रोखीत येतात म्हणून सांगतो. २०१७ पासून एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख स्वीकारता येत नाही आणि दंड घेणाऱ्याला, तोही घेतलेल्या रकमेइतका. आज दीड लाख, परवा दीड लाख असे तुकडे केले तरी गाडी एकच, व्यवहार एकच. तेव्हा आरटीजीएस करा. पैसे शोरूमच्या कंपनीच्या खात्यात पाठवा, सेल्समनने दिलेल्या नंबरवर नव्हे. आणि पूर्ण रक्कम आधी अडकवू नका: बुकिंगपुरते देऊन पावती घ्या, तुमच्या नावाला गाडी लागली, चेसिस नंबर हातात आला, की उरलेले. दसऱ्याला डिलिव्हरी हवी असेल तर यात घाई करायला लावतात, तेवढं सांभाळा.

शेतीचा उल्लेख तुम्ही ओझरता केलाय. पीककर्ज उचलून त्यातून डाऊन पेमेंट करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. ते कर्ज वेळेत फेडलं तरच व्याजाची सवलत राहते. आणि ऊसबिलावर हप्ता ठरवू नका. कायद्याने एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, कारखान्याने १४ दिवसांत द्यायची असते, पण ती कधी येते हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हप्ता पगारातून झेपत असेल तेवढाच.

कर्जाची गाडी घेतलीतच तर शेवटचा हप्ता गेल्यावर काम संपत नाही. बँकेकडून एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवण्याचा सही-शिक्क्याचा फॉर्म ३५ घेऊन आरटीओकडे बोजा उतरवावा लागतो. लोक एनओसी कपाटात ठेवून देतात, तिची मुदत निघून जाते, आणि गाडी विकायला काढली की धावपळ सुरू. एकरकमी घेतलेल्या एमएच-१० गाडीला हा फेराच नाही.

मात्र एकरकमी घेणाऱ्याची एक सवय वाईट. बँकेचं कर्ज असलं की पूर्ण विमा ठेवावाच लागतो. स्वतःच्या पैशाच्या गाडीला विचारणारं कुणी नसतं, म्हणून दुसऱ्या वर्षापासून फक्त थर्ड पार्टीवर चालवतात. कृष्णाकाठच्या माणसाने हे करू नये. पलूस तालुक्यात पाणी कुठपर्यंत येतं ते तुम्ही पाहिलंय. पूर्ण विमा घ्याच, वर इंजिनचं ॲड-ऑन घ्या. पाण्यात बुडालेली गाडी चालू करायला गेल्यावर इंजिन गेलं तर साध्या पॉलिसीत ते बहुधा बसत नाही.

राहिलं सिबिल. निव्वळ स्कोअर वाढावा म्हणून कर्ज काढू नका. पगार खात्यावर एक क्रेडिट कार्ड घ्या, महिन्याचं पेट्रोल त्यावर भरा, बिल तारखेच्या आत पूर्ण भरा, किमान रक्कम नव्हे. पुढे घरकर्ज घ्यायच्या वेळी बँकेला तेवढा इतिहास बहुधा पुरतो.