दाराची रुंदी मोजायला शिकवतात का? इव्हेंट मॅनेजमेंटच्या पदव्युत्तर शिक्षणावर प्रश्नोत्तरे

मे महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर एकच असतो. पदवीचा निकाल तोंडावर आलेला, 'इव्हेंटला फार स्कोप आहे' असे कोणीतरी सांगितलेले, एखाद्या संस्थेने 'आज पैसे भरलेत तर फीमध्ये सवलत' म्हणत घाई लावलेली आणि घरात नक्की माहिती कोणालाच नाही. बावीस वर्षे कार्यक्रमांच्या निर्मितीत काढून आता मी पदव्युत्तर वर्गांना शिकवते. त्याच त्या गैरसमजापायी मुलांची वर्षे आणि आईवडिलांचे पैसे वाया जाताना पाहवत नाहीत. म्हणून काही पत्रांना इथे एकत्र उत्तरे देते आहे.

प्रश्न : मी बी.कॉम. झाले आहे. एमबीए, पीजीडीएम आणि पीजी डिप्लोमा यांत नेमका फरक काय?

एमबीए ही पदवी आहे, आणि पदवी विद्यापीठच देऊ शकते. पीजीडीएम ही एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, मान्यतेने संस्था देतात ती पदविका. 'पीजी डिप्लोमा' हे नाव मात्र कोणीही पाटीवर लिहितो. दहा-अकरा महिन्यांचा असा डिप्लोमा वाईटच असतो असे नाही. चांगला असेल तर हाताला काम शिकवतो, पण पुढे पीएचडी करायची, शिकवायचे किंवा सरकारी जागेसाठी अर्ज करायचा म्हटले की तिथे अडते. तुम्हाला दहा वर्षांनी काय करायचे आहे ते आधी ठरवा आणि मगच या क्षेत्रातल्या एखाद्या शिक्षकाशी समोरासमोर बोला. महाराष्ट्रात एमबीए करायचे असेल तर सीईटीच्या तारखांकडे आत्तापासून लक्ष ठेवा.

प्रश्न : एका संस्थेत 'एमबीए इन इव्हेंट मॅनेजमेंट'साठी नाव घातले आहे. वर्ग पुण्यात भरतील, पदवी परराज्यातल्या विद्यापीठाची मिळेल. माहितीपत्रकावर 'यूजीसी मान्यताप्राप्त' आणि '१०० टक्के प्लेसमेंट' असे छापले आहे. दुसरा हप्ता भरू का?

थांबा, इतक्यात भरू नका. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्यता त्या परराज्यातल्या विद्यापीठाला असेल, पण त्यामुळे तुमच्या गल्लीतल्या वर्गाला ती आपोआप लागू होत नाही. तुमचा अभ्यासक्रम दूरस्थ पद्धतीचा असेल, तर अशा प्रत्येक अभ्यासक्रमाला वेगळी मंजुरी लागते आणि ती यादी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाकडे पाहायला मिळते. अशा अभ्यासक्रमांसाठी खासगी संस्थेला फ्रँचायझी देणे नियमात बसत नाही. म्हणून संस्थेला विचारण्याऐवजी थेट विद्यापीठाच्या कुलसचिव कार्यालयाला लिहा : ही संस्था तुमची कोण, हा अभ्यासक्रम यंदा मंजूर आहे का, आणि गुणपत्रिकेवर तो कोणत्या पद्धतीचा म्हणून छापला जाणार? उत्तर लेखी घ्या. फोनवरच्या 'हो मॅडम, सगळे ओके आहे'ला काडीची किंमत नाही.

आता 'शंभर टक्के'. मी एका संस्थेत पाहुणी म्हणून शिकवायला जात असे. एका प्रदर्शनात तीन दिवस नोंदणीच्या टेबलावर रोजंदारीने उभी राहिलेली मुले त्या संस्थेच्या प्लेसमेंटच्या यादीत चढलेली मी पाहिली, त्या दिवशी तिथले काम सोडले. कंपनीचे नाव, पद आणि किती महिने टिकले एवढे तीन रकाने मागा. ते मिळाले नाहीत, तर हप्ता भरण्याआधी वकिलाला करारपत्र दाखवा.

प्रश्न : वय ३४ आहे. उशीर झाला का?

नाही.

प्रश्न : इंग्रजी कच्चे आहे. चालेल का?

प्रवेशाला कदाचित चालेल. करार वाचताना चालणार नाही, म्हणून आजपासून सुधारा.

प्रश्न : एजंट म्हणतो, ब्रिटनमध्ये एक वर्षाचे एमएस्सी केले की दोन वर्षे काम, मग पीआर पक्का. नवऱ्यालाही सोबत नेता येईल. फी मोठी आहे, घर गहाण ठेवावे लागेल.

घराची कागदपत्रे कपाटात ठेवा आणि पुढचे वाचा. जानेवारी २०२४पासून वर्गात शिकून करायच्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना जोडीदाराला अवलंबित म्हणून नेता येत नाही. शिक्षणानंतर कामासाठी मिळणारा ग्रॅज्युएट रूटचा काळ आज दोन वर्षांचा आहे. १ जानेवारी २०२७ आणि त्यानंतर त्यासाठी अर्ज करणाऱ्यांना तो १८ महिनेच मिळणार आहे. या काळातून पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळत नाही. पुढे राहायचे तर व्हिसासाठी प्रायोजक होणाऱ्या कंपनीत नोकरी लागते, आणि या धंद्यात सुरुवातीची बरीच कामे हंगामी असतात. एजंटने तुमचे नाव घातले की बऱ्याचदा विद्यापीठाकडून त्याला कमिशन मिळते, हे त्याला तोंडावर विचारा.

शिक्षण मात्र तिथले कसदार आहे, हेही सांगायला हवे. इंग्लंडमधल्या लीड्समध्ये १९९६ साली या विषयाची पदवी सुरू झाली. कायदा, जोखीम, गर्दीचे शास्त्र हे विषय तिथे गांभीर्याने शिकवले जातात. जुलै २०२२च्या भारत-ब्रिटन करारानंतर एक वर्षाच्या मास्टर्सला भारतात मान्यता मिळण्याचा प्रश्न बराच सुटला आहे, तरी तुमच्या नेमक्या पदवीची समकक्षता जाण्याआधी तपासून घ्या. व्हिसासाठी ब्रिटिश सरकारची अधिकृत माहिती आणि परवानाधारक सल्लागार, कर्जासाठी बँकेतला अधिकारी. एजंट या दोन्ही ठिकाणी नको.

प्रश्न : आमच्या एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला 'सुरक्षा आणि जोखीम व्यवस्थापन' हा विषय ऐच्छिक आहे. सीनियर म्हणतात तो कंटाळवाणा आहे, गर्दीसाठी पोलीस आणि बाउन्सर असतातच. त्याऐवजी 'लक्झरी वेडिंग' घेऊ का?

नका घेऊ. आणि सुरक्षेचा विषय ऐच्छिक ठेवणाऱ्या तुमच्या विभागप्रमुखांनाही हे उत्तर वाचायला द्या.

२००३च्या नाशिकच्या कुंभमेळ्यात ३९ माणसे गेली. २५ जानेवारी २००५ला मांढरदेवीच्या यात्रेत सुमारे तीनशे : चढाची अरुंद वाट, नारळाच्या पाण्याने निसरड्या झालेल्या पायऱ्या आणि मागून येणारा रेटा. १६ एप्रिल २०२३ला खारघरच्या उघड्या मैदानावर भर उन्हात बसलेल्यांपैकी १४ जण दगावले. ४ जून २०२५ला बंगळुरूत चिन्नास्वामी स्टेडियमच्या दारांबाहेर ११. या चारही ठिकाणी गर्दी होणार हे सगळ्यांना आधी माहीत होते.

मराठीत आपण 'चेंगराचेंगरी' म्हणतो आणि तो शब्द अगदी अचूक आहे, माणूस चेंगरतो. बातमीत मात्र 'जमाव बेकाबू झाला, पळापळ झाली' असे येते आणि दोष मेलेल्यांवरच जातो. अशा वेळी पळायला जागाच नसते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर सावकाश का होईना, पुढे सरकता येते. पाच-सहाच्या पुढे आपले पाऊल आपल्या ताब्यात राहत नाही. सातच्या आसपास गर्दी पाण्यासारखी हेलकावते, छाती फुगायला जागा उरत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. जॉन फ्रुइन या अमेरिकी अभियंत्याने अशा दुर्घटनांचे मूळ चार गोष्टींत मांडले : रेटा, माहिती, जागा आणि वेळ. गर्दी त्या थराला पोचल्यावर बाउन्सर यांतले काय बदलणार? बदल करायचा तो महिनाभर आधी, कागदावर.

तो कागद कसा असतो ते पाहा. ब्रिटनमध्ये क्रीडांगणांसाठी जी मार्गदर्शिका वापरतात, तिच्यात सपाट जमिनीवरच्या वाटेतून दर मीटर रुंदीमागे मिनिटाला ८२ माणसे बाहेर पडतात असे धरतात. तुमच्या मैदानात १०,००० प्रेक्षक आणि बाहेर जायच्या वाटा मिळून ६ मीटर असतील, तर मिनिटाला ४९२ माणसे, म्हणजे मैदान रिकामे व्हायला वीस मिनिटे. तीच मार्गदर्शिका आठ मिनिटांची मर्यादा घालते, म्हणजे रुंदी १५ मीटरच्या वर हवी. हा सातवी-आठवीचा त्रैराशिक हिशेब आहे. पदव्युत्तर वर्गातून बाहेर पडणाऱ्या मुलांना तो येत नाही, याची मला भीती वाटते.

लग्नाचे म्हणाल, तर तिथेही हजार माणसे, मांडवाला कापडी झालर, मागे सिलिंडरची रांग आणि जायला-यायला एकच सजवलेली कमान. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका सभागृहात यजमानांनी 'फोटोत दार दिसते' म्हणून बाजूच्या दारावर फ्लेक्स लावायला सांगितला आणि मी तो लावू दिला. त्या संध्याकाळी काही झाले नाही. तरी आत बसलेल्या सहाशे माणसांची आठवण मला अजून स्वस्थ बसू देत नाही. १४ फेब्रुवारी २०१६ला गिरगाव चौपाटीवर भर कार्यक्रमात मंच पेटला, तेव्हा माणसे सुखरूप बाहेर पडली आणि कोणी दगावले नाही. ज्यांना बाहेर पडायला वाट असते ती माणसे घरी जातात.

नाशिकच्या पुढच्या सिंहस्थाची मुख्य स्नाने २०२७मध्ये आहेत. या विषयात शिकलेली माणसे तिथे लागणार आहेत. विषय घ्या. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली गर्दीच्या व्यवस्थापनावर काढलेली मार्गदर्शिका या सुट्टीत वाचून काढा. मात्र माझ्या उत्तरातले आकडे कोणत्याही मैदानाला तसेच चिकटवू नका. प्रत्यक्ष आराखडा अग्निशमन अधिकारी, स्थानिक पोलीस आणि मंडपासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर यांच्यासोबत बसूनच करायचा असतो.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टचा कार्यक्रम आहे. साउंडवाला म्हणतो, बारापर्यंत स्पीकर चालतो.

तो ऐकीव गोष्ट सांगतो आहे. नियम रात्री दहाचा आहे. राज्य सरकारने जाहीर केलेल्या, वर्षातल्या जास्तीत जास्त १५ दिवसांनाच बारापर्यंत सूट असते. पोलीस ठाण्यात लेखी विचारा, आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी जाऊ नका.

प्रश्न : मी डिप्लोमा अर्धवट सोडला. संस्थेने मूळ गुणपत्रिका अडकवून ठेवल्या आहेत. आठ महिने झाले, 'पुढच्या आठवड्यात या' म्हणतात.

आठ महिने गप्प का बसलात? मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेण्यास यूजीसीने २०१८च्या अधिसूचनेत मनाई केली आहे. संस्था विद्यापीठाशी संलग्न असेल तर तिथल्या तक्रार निवारण कक्षाकडे आजच अर्ज द्या. एआयसीटीईची असेल तर त्यांच्याकडे. कोणाचीच नसेल, तर संस्थेला लेखी मागणी रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा आणि ग्राहक आयोगाचे काम करणाऱ्या वकिलाला या आठवड्यातच भेटा. यापुढे मूळ कागद फक्त दाखवायचे आणि परत आणायचे.

प्रश्न : सुरुवातीला पगार किती मिळतो?

तुम्ही जिथे प्रवेश घेणार आहात, तिथून दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या तिघांना विचारा.

प्रश्न : प्रबंधासाठी आषाढी वारी हा विषय घ्यायचा आहे. मार्गदर्शक म्हणतात, हा 'इव्हेंट' नाही, एखादा संगीत महोत्सव घे.

तुमच्या मार्गदर्शकांशी मी सहमत नाही. आळंदीहून आणि देहूहून निघून दोन-अडीच आठवडे चालणारा हा मेळा आहे. पालखीच्या रथाच्या पुढच्या आणि मागच्या दिंड्यांना क्रमांक आहेत. प्रत्येक दिंडीचे स्वयंपाकाचे, तंबूंचे, पाण्याचे तंत्र तिचे स्वतःचे. मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड वर करतो आणि लाखांचा समुदाय शांत होतो. एखाद्या दिंडीचा टाळ तरीही वाजत राहिला, तर तिची काही तक्रार आहे असे समजून चोपदार तिच्याकडे जातो. हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची घोषणाही तिथेच होते. फ्रुइनच्या चार गोष्टींतली 'माहिती' शेकडो वर्षांची परंपरा कशी पोचवते, हे कोणीतरी नीट नोंदवायला हवे आहे.

पण विषय एवढ्या रुंदीचा ठेवू नका. एक दिंडी किंवा एक मुक्काम घ्या. संस्थानच्या विश्वस्तांना आणि दिंडीप्रमुखांना आधी भेटून परवानगी मागा, मुलाखतींसाठी विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी घ्या, आणि समाजशास्त्र विभागातल्या एखाद्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होण्याची विनंती करा. प्रस्थानाला आता थोडेच दिवस उरले आहेत, पत्र याच आठवड्यात गेले पाहिजे.