पेनी स्टॉकचा (अगदी स्वस्त शेअरचा) भाव मार्केट मेकर शॉर्ट सेलिंग करून पाडतात, हे खरं आहे का?

तुमच्या शेअरच्या रोजच्या उलाढालीत निम्मी विक्री 'शॉर्ट' (हातात नसलेले शेअर आधी विकून मग विकत घेऊन देणं) दिसते म्हणताय, म्हणजे तुम्ही अमेरिकेतल्या ओटीसी (शेअर बाजाराबाहेर थेट दलालांमार्फत चालणाऱ्या) बाजाराबद्दल विचारताय असं धरतो. शॉर्ट विक्रीची ती यादी तिथे फिन्रा ही दलालांवर देखरेख करणारी संस्था रोज जाहीर करते, आणि ती पाहून लोक उगाचच घाबरतात.

समजा, शेअरला बोली 10 सेंटची आहे आणि विक्रीचा भाव 11 सेंट. तुम्ही 50,000 शेअर मागितले. मार्केट मेकरकडे (खरेदी आणि विक्री दोन्हींचे भाव सतत देणाऱ्या व्यापाऱ्याकडे) त्यातला एकही नाही, तरी तो तुम्हाला 11 सेंटला विकून मोकळा होतो. नोंद झाली शॉर्टची. थोड्या वेळाने कोणी विकायला आला की त्याच्याकडून 10 सेंटला घेऊन हिशेब मिटवतो. 500 डॉलर सुटले. भाव पाडण्यात त्याला रस नसतो. उलट मधेच भाव उसळला तर तोच अडकतो.

याहून गंमत म्हणजे, तुम्ही तुमच्याकडचेच शेअर विकायला काढलेत तरी काही वेळा दलाल आधी बाजारात शॉर्ट विकतो आणि मग त्याच भावाने तुमच्याकडून घेतो. तुमची साधी विक्री त्या यादीत शॉर्ट म्हणून चढते! खरोखर किती शॉर्ट उभे आहेत ते 'शॉर्ट इंटरेस्ट'मध्ये कळतं. तो आकडा महिन्यातून दोनदा येतो.

आता संशयाला जागा कुठे आहे? 2005 पासून लागू असलेल्या रेग्युलेशन एसएचओ या अमेरिकी नियमानुसार शॉर्ट करण्याआधी शेअर उसने मिळतील याची खात्री करावी लागते. खऱ्याखुऱ्या मार्केट मेकिंगला त्यातून सूट आहे. या सवलतीच्या आडून सट्टा खेळणारे निघाले आहेत आणि 'सेक' या अमेरिकेच्या बाजार नियामकाने त्यांना दंडही केलाय. पण सूट असली तरी डिलिव्हरी चुकली तर सेटलमेंटनंतरच्या (व्यवहार पुरा करायच्या ठरलेल्या दिवसानंतरच्या) तिसऱ्या कामकाजाच्या दिवशी बाजार उघडायच्या आत शेअर आणून द्यावेच लागतात. (आपल्याकडे सेबीने नेकेड शॉर्टला (शेअर उसने न घेता केलेल्या शॉर्टला) मनाईच केली आहे.)

पेनी स्टॉक बघताना मी आधी कंपनीचे तिमाही अहवाल उघडतो आणि एकूण शेअर किती वाढले ते बघतो. अशा कंपन्या परिवर्तनीय कर्ज घेतात, सावकार ते बाजारभावापेक्षा स्वस्तात शेअरमध्ये बदलून घेतो आणि लगेच विकतो. भाव पडला की पुढच्या खेपेला त्याच रकमेचे आणखी जास्त शेअर मिळतात. तुमच्या कंपनीच्या गेल्या चार अहवालांत हाच आकडा आधी तपासा.