ग्रेटा गार्बो आणि इन्ग्रिड बर्गमन: अभिनय, सौंदर्य आणि प्रसिद्धीत सरस कोण?

अभिनयात बर्गमन, सौंदर्यात गार्बो. प्रसिद्धीत त्यांच्या त्यांच्या काळापुरतं बोलायचं तर तीही गार्बोच. दोघी मूळच्या स्वीडनच्या, हॉलिवूडमध्ये गाजलेल्या नट्या. बर्गमनला तीन ऑस्कर मिळाले, पण माझं मत त्यावरून नाही. १९७८ च्या 'ऑटम सोनाटा'मध्ये मुलगी पियानोवर शोपाँ या संगीतकाराची रचना वाजवते आणि पियानोवादक आई (बर्गमन) ऐकते, तो प्रसंग बघा. माया, कीव आणि 'हे असं वाजवतात होय?' हा तोरा, सगळं तोंडातून शब्द न काढता. गार्बोचं बलस्थान तिचा चेहराच. 'क्वीन क्रिस्टिना'च्या (१९३३) शेवटी ती जहाजावर नुसती उभी राहते, कॅमेरा जवळ येत जातो आणि आपण त्या कोऱ्या चेहऱ्यावर हवं ते वाचतो. प्रसिद्धी म्हणाल तर १९३० मध्ये तिच्या पहिल्या बोलपटाची जाहिरात एवढीच होती: 'गार्बो बोलते!' मात्र तिची निम्मी कारकीर्द मूकपटांत गेली आणि छत्तिशीतच तिने काम थांबवलं. बर्गमनला साठीतल्या भूमिका मिळाल्या, हिला नाहीत. तेव्हा अभिनयाचा निकाल थोडा सैलच धरा.