स्कॅन मारला म्हणजे ड्रॉइंग मिळालं असं नसतंय

प्रश्न (कुपवाड, सांगली): घरची हळद पॅकिंगची मशीन आहे, तिच्यातला नायलॉनचा छोटा गिअर गेलाय. २४ दाते, तीन तुटलेत, बाकीचे घासलेत. मशीन जुनी, पार्ट मिळत नाही. एक जण म्हणतो थ्रीडी स्कॅन करून प्रिंट मारू, अ‍ॅक्युरसी ०.०२ मिमी सांगतोय. मेव्हणा म्हणतो मिरजेत एवढी हॉस्पिटलं आहेत, कुठंतरी सीटी स्कॅन काढून घे. कुणाचं ऐकू सांगा की.

उत्तर: तूर्तास कुणाचंच नको, आधी व्हर्नियर काढा. दाते २४ म्हणजे सम आहेत, त्यामुळं समोरासमोरच्या दोन टोकांवर बाहेरचा व्यास सरळ मोजता येतो. तो २६ मिमी भरला तर त्याला दाते अधिक दोन, म्हणजे २६ ने भागा, मॉड्यूल, म्हणजे दात्याच्या मापाचा आकडा, आला १. थोडा कमी भरला, २५.९ वगैरे, तरी घाबरायचं नाही, मॉड्यूल ठरलेल्या मापातच असतो. दात्याच्या बाजू घासतात, टोकं त्यामानानं वाचतात. पण उत्तर १.०६ च्या आसपास आलं तर थांबा, मशीन इंची मापातली असू शकते, २४ डीपी (व्यासाच्या एका इंचामागं २४ दाते) म्हणजे २५.४ भागिले २४, बरोबर १.०६ च्या जवळ. आता दोन शाफ्टमधलं अंतर मोजा. समोरचा गिअर ३६ दात्यांचा असेल तर २४ अधिक ३६, त्याचं निम्मं, ३० मिमी यायला पाहिजे. आलं तर तुमचं ड्रॉइंग जवळपास तयार, स्कॅनचा रुपया खर्च न करता. प्रेशर अँगल, म्हणजे दात्याच्या बाजूचा कल, तेवढा बघायचा राहिला, बहुतेक २० अंश, जुन्या मशीनला साडेचौदाही असतो, समोरचा गिअर सोबत न्या म्हणजे गिअर कापणारा पारखून सांगेल.

स्कॅनर वाईट नाही हो, पण तो जे आहे ते दाखवतो, जे असायला पाहिजे होतं ते नाही. घासलेला दाता घासलेलाच उतरवणार, तेही इमानदारीनं. मी स्वतः एक पिनियन (छोटा गिअर) असाच स्कॅन करून, तसाच प्रिंट करून बसवला होता, आठ दिवस चालला आणि मग खडखडायला लागला, कारण जुनी झीज मी नव्या पार्टमध्ये फुकटात भरून दिली होती. शिवाय हातात येते ती त्रिकोणांची जाळी, तिच्यावर बसून गोल, सपाटी, की-वे (शाफ्टच्या किल्लीची खाच) सगळं पुन्हा काढावंच लागतं. आणि ०.०२ चं म्हणाल तर तो आकडा मॅट, नीट दिसणाऱ्या पृष्ठभागाचा. काळं किंवा चकचकीत असलं की पांढरा स्प्रे मारावा लागतो, त्याचा थरही मापात येतो. बोअरच्या, म्हणजे मधल्या भोकाच्या, खोलात तर स्कॅनरचा प्रोजेक्टर आणि कॅमेरा दोघांनाही एकच बिंदू दिसायला पाहिजे, तो दिसत नाही. आणि एवढं करून प्रिंट ०.४ मिमीच्या नोझलनं मारणार, मग ०.०२ चं काय लोणचं घालायचं?

मेव्हण्याची आयडिया मला आवडली खरं. पण माणसाचा सीटी साधारण अर्ध्या मिलिमीटरचं बघतो आणि १ मॉड्यूलचा दाता असतो सव्वादोन मिमी उंच, म्हणजे अख्ख्या दात्यावर चार-पाच ठिपके. इंडस्ट्रियल मायक्रो सीटी काही मायक्रॉनपर्यंत जातो, पण ह्या गिअरला तो म्हणजे लिंबू कापायला कोयता.

त्यापेक्षा दात्याचा आकार बघायला घरात जुना जाड फ्लॅटबेड स्कॅनर असेल तर गिअर काचेवर ठेवून शेजारी स्टीलची पट्टी ठेवा आणि १२०० डीपीआयवर स्कॅन करा, एक पिक्सेल ०.०२१ मिमीचा पडतो. हल्लीच्या पातळ स्कॅनरमध्ये काचेला चिकटलेलं तेवढंच स्पष्ट येतं, बाकी धुरकट, म्हणून जुना म्हटलं. मग नायलॉनचा रॉड घेऊन एमआयडीसीत गिअर कापून घ्या. नायलॉन दमट हवेत पाणी पिऊन फुगतो, म्हणून बॅकलॅश (दात्यांमधली मोकळीक) थोडा जास्तच ठेवायला सांगा.

प्रश्न (सातारा): आजीच्या पितळी अडकित्त्यावर दोन मोर समोरासमोर आहेत, एक तुटून हरवला. राहिलेला स्कॅन करून दुसरा करता येईल का?

उत्तर: इथं मात्र स्कॅनच. मोराच्या मानेला व्हर्नियर कुठं लावणार! मोबाईलच्या लायडारच्या (लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरच्या) नादी लागू नका, ते खोली मोजायला ठीक. फोटोंवरून करा, सावलीत ऐंशीएक फोटो, अडकित्ता फिरवत असाल तर खाली वर्तमानपत्र ठेवून तेही सोबतच फिरवा. पितळेची चकाकी दर फोटोत जागा बदलते आणि सॉफ्टवेअर येडं होतं, म्हणून टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवा, नंतर पुसली की गेली. फोटोला साइज कळत नाही, शेजारी १० रुपयांचं नाणं ठेवा, ते २७ मिमीचं असतं. मॉडेल मिरर करून दीडेक टक्का मोठं करा कारण पितळ थंड होताना आकसतं, आणि मेणासारख्या जळून जाणाऱ्या रेझिनमध्ये प्रिंट काढून ओतणाऱ्याकडे द्या. रिव्हेटचं भोक मॉडेलमध्येच बुजवून टाका, ओतल्यावर ड्रिल मारा, ओतलेलं भोक सरळ आलेलं मी तरी बघितलेलं नाही.